मनगटावरची संख्या

शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यात आधी वाचली ती एक संख्या होती. ५९७७९१. हॉस्पिटलवाल्यांनी माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधली होती आणि तिच्यावर वयाशेजारी हा पेशंट नंबर छापला होता. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं की उजवा हात, उजवा पाय आणि जीभ या तिघांनी मिळून संप केला आहे.

बाकीचे लोक संख्या दिसली की वाचतात. मला ती फोडायची सवय. माझा जन्म डोंबिवलीत गणित शिकवण्यात गेला, आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर घरच्या क्लासमध्ये. रिक्षाचा नंबर असो की लग्नाच्या हॉलमधला चपलांचा बिल्ला, समोर आला की मी मनातल्या मनात त्याचे अवयव पाडायला घेते. नवरा म्हणायचा, "अगं, त्या आकड्याने तुझं काय वाकडं केलंय?"

तर पडल्या पडल्या सुरुवात केली. शेवटचा अंक एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज अडतीस, म्हणजे तीनही बाद. चारने भागलं तर तीन उरतात, म्हणजे ही कुणाचा वर्ग नाही आणि दोन वर्गांची बेरीजही कधी होणार नाही. मग पहिले तीन अंक आणि शेवटचे तीन अंक यांची वजाबाकी केली. एकशे चौऱ्याण्णव आली. तिला सात, अकरा, तेरा यांपैकी कुणीच भाग देत नाही, म्हणून आख्ख्या संख्येलाही देत नाही. हा डाव मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले. तिघांना एकदम सुट्टी, म्हणायचे मी वर्गात.

छतावरच्या पंख्याकडे बघत हे सगळं जमलं आणि मला इतका आनंद झाला की मी हसले. तोंडाची एकच बाजू हसली. नर्स घाबरून डॉक्टरांना बोलावायला गेली.

घरी सोडलं तेव्हा डोंबिवलीला न नेता मला कोलशेतला मुलाकडे नेलं. तिथून नौपाड्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना जवळ, लिफ्ट आहे, व्यायाम करून घेणारी मुलगी घरी येऊ शकते, अशी कारणं होती. सगळी खरी होती. पण डोंबिवलीच्या दारावरचा माझ्या क्लासचा बोर्ड नवऱ्याने त्याच आठवड्यात उतरवला होता आणि मला सांगितलं होतं की रंग द्यायला काढलाय. त्या बोर्डाला कधीच कुणी रंग दिला नव्हता. मी समजायचं ते समजले.

पहिल्या तपासणीला नौपाड्यात गेलो. डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारे होते. नवरा आणि मुलगा माझ्या दोन बाजूंना बसले होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. असं करत जायचं."

आजी म्हटल्याचा राग गिळून मी म्हटलं, "त्र्याण्णव." मग म्हटलं, "शहाऐंशी." आणि पुढे काहीही नाही. आत हात घातला आणि डबा रिकामा निघावा तसं झालं. शेवटी मी म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर."

"छान," डॉक्टर म्हणाले, "पुरे."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर येऊन रिक्षात बसलो, रिक्षा वळणावर आली आणि मी एकदम ओरडले, "एकोणऐंशी!" रिक्षावाल्याने ब्रेक मारून मागे बघितलं. मुलगा म्हणाला, "अगं आई, असू दे ना आता."

असू दे. हे दोन शब्द आणि 'छान', एवढ्यावर त्या घरात माझे दिवस जायला लागले. डाव्या हाताने मी पोह्यांचा लगदा केला, सगळे म्हणाले छान झालेत. आमटीत मीठ घालायला विसरले आणि पहिला घास घेताच मला कळलं, पण नवरा दुसरी वाटी मागत होता. मुलगा मान डोलावत जेवत होता. सुनेने मिठाची बरणी पुढे ओढली, चिमूटभर मीठ आपल्या वाटीत टाकलं आणि जेवू लागली.

सुनेबद्दल सांगायला हवं. ती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी करते. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. लग्न ठरल्यावर ती पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा मी विचारलं होतं, भाजी कशी झालीय? ती म्हणाली होती, "थोडी खारट आहे." भाजी खरंच खारट होती, पण असं कुणी बोलतं का? तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी जपून वागत होतो.

एका रविवारी जेवताना मुलाने विषय काढला. "आई, क्लास आता पुरे. खूप केलंस. पालकांनाही मी कळवून टाकतो."

माझी जीभ अजून जड होती. जड जिभेने भांडता येत नाही, समोरचा आधीच कळवळलेला असतो. म्हणून मी मोजकं बोलले. हॉस्पिटलची पट्टी मी जपून ठेवली होती, ती टेबलावर ठेवली.

"ही संख्या मूळ आहे की नाही, ते मी शोधणार. कागदावर, हाताने. जमलं तर जूनमध्ये क्लास सुरू. नाही जमलं तर मी स्वतः सांगीन, क्लास बंद."

"अगं, फोनवर दोन सेकंदांत कळेल."

"फोनला झटका आलेला नाही," मी म्हटलं. "कुणी मला मदत करायची नाही. उत्तर सांगायचं नाही."

सून एवढंच म्हणाली, "ओके." दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणून माझ्यापुढे ठेवला.

ज्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी सांगते. जिला एक आणि ती स्वतः यांच्याशिवाय कुणीच पूर्ण भाग देऊ शकत नाही, ती मूळ संख्या. ती मूळ आहे हे ठरवण्याचा साधा रस्ता म्हणजे लहान मूळ संख्यांनी एकेक करून भागून बघायचं. एकानेही बाकी शून्य आणली की संपलं, संख्या मूळ नाही. सगळ्यांनी बाकी ठेवली तर ती मूळ. बरं, शेवटपर्यंत जावं लागत नाही. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यांतला एक तरी तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतोच. सातशे त्र्याहत्तरचा वर्ग माझ्या संख्येहून किंचित कमी भरतो आणि सातशे चौऱ्याहत्तरचा जास्त होतो. म्हणजे मला सातशे त्र्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं होतं. शंभराहून बऱ्याच जास्त आहेत त्या.

आधी त्यांची यादी करावी लागली. एकापासून सगळ्या संख्या लिहायच्या आणि दोनच्या पाढ्यातल्या, तीनच्या पाढ्यातल्या, पाचच्या पाढ्यातल्या अशा खोडत जायच्या. चाळणीत उरतात त्या मूळ. डाव्या हाताने आकडे लिहिताना आठ पडायचा, पाच उलटा व्हायचा. पहिलीतल्या पोरांना मी किती बोलले असेन अक्षरावरून. आता माझं अक्षर त्यांच्याहून वाईट होतं आणि कागद फाडून टाकण्याइतका संताप यायचा. पण फाडायलाही दोन हात लागतात, म्हणून पुढे लिहायचे.

मग भागाकार. सकाळी व्यायामवाली मुलगी येऊन गेली की जेवणाच्या टेबलाशी बसायचं. खिडकीतून खाडीचा तुकडा दिसायचा. बसायच्या आधी रोज सातचा पाढा म्हणायचे, मोठ्याने, कारण नौपाड्यात सातानेच माझी फजिती केली होती. सात एके सात, सात दुणे चौदा, चालीत, लहानपणी म्हणायचो तसा. एकदाही अडले नाही. शेवटी सात दाहे सत्तर म्हटलं की नवरा आतून म्हणायचा, "छान!"

सतरा, एकोणीस, तेवीस. प्रत्येकाची बाकी उरत गेली. बाकी उरली की ओळ मारायची आणि पुढच्या संख्येला हात घालायचा. कधी दिवसात दोनच भागाकार व्हायचे, डोकं बधिर व्हायचं आणि मी दुपारभर झोपायचे. कधी जास्त व्हायचे. शंभर ओलांडलं, तीनशे ओलांडलं. जीभ हलकी होत गेली, काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालायला लागले. घरातल्या कुणी विचारलं की कुठवर आलात, तर मी सांगायचे नाही. मुलगा म्हणायचा, "बिझी राहतेय, ते महत्त्वाचं." ते ऐकलं की मी आणखी एक भागाकार करायचे.

सातशे त्र्याहत्तरने भागलं त्या दिवशी रविवार होता. बाकी उरली. मी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना हाक मारली.

"मूळ आहे," मी म्हटलं. "पाच लाख सत्त्याण्णव हजार सातशे एक्याण्णव ही मूळ संख्या आहे."

नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. मुलाने फोन काढून माझा फोटो घेतला. नवऱ्याने फ्रीजमधून पेढे आणले, आणि ते आधीपासून आणून ठेवले होते हे बघून मला भरून आलं. मी म्हटलं, "जूनमध्ये क्लास." मुलगा म्हणाला, "बघू, बघू," पण हसत म्हणाला. सून फोन घेऊन गॅलरीत गेली होती. ती परत आली, टेबलाजवळ उभी राहिली आणि तिने पेढा घेतला नाही.

"आई, एक बोलू? ती प्राइम नाहीये."

मुलगा तिला दबक्या आवाजात म्हणाला, "काय गरज होती आत्ता?"

"त्यांनी डिक्लेअर केलं म्हणून मी चेक केलं. तोवर बघितलं नव्हतं. प्रॉमिस होतं." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "चूक आहे, आई. कुठेतरी एक अवयव सुटलाय. सांगू कुठला?"

"खबरदार," मी म्हटलं.

मग माझं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो हातातल्या पेढ्याकडे बघत होता. मुलगा फोनकडे बघत होता. इतकी वर्षं वर्गात उभी राहिले आहे मी, कॉपी कुणी केली ते मला चेहऱ्यावरून कळतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

मुलगा म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी फोनवर बघितलं गं. बाबांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मन दुखवू नका."

"आणि टाळ्या वाजवल्यात."

"तू इतकी खूश होतीस," नवरा म्हणाला.

मला रडू आलं नाही, राग आला. इतका की दुखऱ्या हाताची बोटंसुद्धा वळली, जी व्यायामवाल्या मुलीने महिनाभर मिनतवाऱ्या करूनही वळत नव्हती. झटका आल्यापासून मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या दिवशी. हात गेला होता, पाय गेला होता, त्याचं एवढं नाही वाटलं. पण माझ्या चुकीच्या उत्तराला माझ्याच माणसांनी पेढे आणून ठेवले होते. म्हणजे मी चूक की बरोबर, याने त्यांना फरकच पडत नव्हता. लहान पोराने भिंतीवर रेघोट्या मारल्या की घोडा किती सुंदर काढलास म्हणतो आपण, तसं ते चाललं होतं. त्या घरात मला मोठी माणूस समजणारी एकटी ती, भाजी खारट म्हणणारी.

मुलगा जरा वेळाने म्हणाला, "मग आता, तूच म्हणाली होतीस, नाही जमलं तर..."

"नापास झालेल्यांची फेरपरीक्षा असते," मी म्हटलं. "मला घरी न्या."

दुसऱ्याच दिवशी आम्ही डोंबिवलीला आलो. मुलाने विरोध करून बघितला. सुनेने कागदांचा गठ्ठा दोरीने बांधून गाडीत माझ्या पायाशी ठेवला.

चूक कुठे आहे ते माहीत नसताना चूक शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सगळे भागाकार पहिल्यापासून परत करायचे तर जून काय, दिवाळी आली असती. दोन दिवस मी नुसती कागद उलटत बसले. मग आठवलं, मी एकाही ओळीचा ताळा केला नव्हता.

आमच्या पिढीला शाळेत नवाचा ताळा हाडात भिनवलेला असे. संख्येतले अंक मिळवायचे, आलेल्याचे परत मिळवायचे, शेवटी एकच अंक उरेपर्यंत. माझ्या संख्येचे अडतीस, त्याचे अकरा, त्याचे दोन. भाजकाचा ताळा गुणिले भागाकाराचा ताळा, त्यात बाकी मिळवून परत ताळा काढला की तोच दोन यायला हवा. नाही आला तर गणित नक्की चुकलंय. ताळा न करता वही दाखवली म्हणून मी मुलांचे गुण कापत असे. आणि स्वतः? बाकी उरली ना, मग ती किती उरली याच्याशी मला काय करायचंय, असा विचार करून पुढे गेले होते. पूर्ण भाग गेला असता तर केला असता ताळा. गणित शिकवणारी माणसंच अशी चूक करू शकतात, कारण तिला चूक म्हणायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

तर पदर खोचून ताळे करायला बसले. पटापट होत होते. दोन, दोन, दोन. सदुसष्टच्या ओळीशी चार आले. खूण केली. एकाहत्तरलाही चार. खूण केली. पुढे बऱ्याच ओळी चांगल्या, मग पुन्हा एक बिघडलेली. संध्याकाळपर्यंत बिघडलेल्या ओळी वेगळ्या काढून टेबलावर पसरल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. सदुसष्टला आठाचा भाग लावला होता. एकाहत्तरलाही आठाचा. जिथे जिथे गणित मोडलं होतं तिथे सात आणि आठ यांची गाठ पडली होती.

"अहो," मी हाक मारली, "मला पाढे विचारा. चालीत नाही, अधलेमधले विचारा."

नवरा समोर येऊन बसला. "नऊ पाचे?"

"पंचेचाळीस."

"सहा साते?"

"बेचाळीस."

"सात आठे?"

"चोपन्न," मी म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता, खात्रीने.

नवऱ्याचा चेहरा पडला. सवयीने त्याचे ओठ 'छ'साठी वळले होते, मी पाहिलं. मी त्याच्याकडे रोखून बघितलं.

"चूक," तो म्हणाला.

"मोठ्याने म्हणा."

"चूक आहे गं! छप्पन्न!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चाळीसेक वर्षांच्या संसारात माझ्या गणिताला चूक म्हणायची त्याची पहिलीच वेळ होती. मी त्याच्या हातावर टाळी दिली.

मग सगळं उलगडलं. रोज सकाळी मी पाढा म्हणायचे तो चालीत. सात साते एकोणपन्नासनंतर जीभ आपोआप छप्पन्नवर जायची, डोक्याला विचारायची नाही. पण भागाकारात मागचा पुढचा आधार नसतो, सात आठे एकदम अंगावर येतं. तिथे माझ्या डोक्यात नेमकी तेवढी एक जागा रिकामी झाली होती आणि तिथे नऊ सक चोपन्न येऊन बसले होते.

बिघडलेल्या ओळी छप्पन्न घालून परत केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाशे सत्त्याहत्तरची पाळी आली. आठाचा भाग लावला. पुन्हा आठाचा. मग तीनचा. खाली काहीच उरलं नाही. डाव्या हाताने शून्य काढलं, ते वाटोळं न होता बटाट्यासारखं झालं.

सहाशे सत्त्याहत्तर गुणिले आठशे त्र्याऐंशी. सहाशे सत्त्याहत्तर म्हणजे सव्वीसचा वर्ग अधिक एक. किती ओळखीची होती ती, आणि मी तिला बाकी उरते म्हणून दारातून परत पाठवलं होतं.

सुनेला फोन लावला. ती ऑफिसात होती, मागे माणसांचे आवाज येत होते. मी दोन्ही अवयव सांगितले.

"ताळा केलात?" तिने विचारलं.

"केला."

"मग बरोबर आहे, आई."

एवढंच. ना अभिनंदन, ना कौतुक. फोन ठेवून मी खुर्चीतच बसून राहिले आणि तेव्हा रडले. छान म्हणणारे पुष्कळ होते. बरोबर म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं इतक्या महिन्यांत.

गंमत पुढेच आहे. दुपारी चहा पिताना मी त्या दोन अवयवांशी खेळत होते. त्यांच्या बरोबर मधोमध सातशे ऐंशी येते. एक तिच्याहून एकशे तीनने लहान, दुसरा एकशे तीनने मोठा. म्हणजे माझी संख्या म्हणजे सातशे ऐंशीचा वर्ग वजा एकशे तीनचा वर्ग! वर्गांच्या वजाबाकीचं हे सूत्र मी दर वर्षी शिकवत आले. वर्गमुळाच्या जरा पुढून निघून, एकेका संख्येचा वर्ग करून त्यातून माझी संख्या वजा करत गेले असते आणि उरलेला वर्ग आहे का एवढं बघितलं असतं, तर चहा निवायच्या आत उत्तर हातात आलं असतं. मी मात्र अख्खा डोंगर चढून उतरले. नवरा म्हणाला, "फुकट गेली की मग एवढी मेहनत."

"फुकट कशी?" मी म्हटलं. "त्या वाटेने गेले असते तर सात आठे सापडलं नसतं."

संध्याकाळी त्याने माळ्यावरून बोर्ड काढला, धूळ पुसली आणि दाराला लावला. रंग अर्थातच दिला नव्हता.

जूनमध्ये क्लास सुरू झाला. पूर्वीइतकी मुलं आली नाहीत. जी आली त्यांना घरून नीट बजावून पाठवलेलं दिसत होतं. चपला ओळीत, आवाज नाही, मी काठी शोधायला लागले की दोघंतिघं धावायची. मला मुलं इतकी शहाणी असलेली सोसत नाहीत. पण पहिला आठवडा म्हणून गप्प राहिले.

एक दिवस दहावीच्या मुलांना वर्गसमीकरणं शिकवत होते. म्हटलं, आधी उत्तर ठरवू आणि मग समीकरण बनवू. उत्तरं सात आणि आठ धरा. डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं. बेरीज पंधरा, ती मधल्या पदात. गुणाकार शेवटच्या पदात. समीकरण पूर्ण करून म्हटलं, "आता सोडवा. सात आणि आठच यायला हवेत."

मुलं वहीत खाली वाकली. थोड्या वेळाने विचारलं, "आलं?"

"हो बाई," सगळी एका सुरात म्हणाली. मला बरं वाटलं. फळा पुसायला वळले.

"बाई," मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "माझे सहा आणि नऊ येतात."

शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "ए, गप ना, बाईंना बरं नाहीये." आतल्या खोलीत नवऱ्याच्या वर्तमानपत्राची खसफस थांबली.

मी फळ्याकडे बघितलं. शेवटच्या पदात चोपन्न लिहिले होते, माझ्याच हाताने. सहा नि नऊ पंधराच होतात. सहा नव्वे चोपन्न. मुलीचं उत्तर तंतोतंत होतं. बाकीच्यांनी न सोडवताच हो म्हटलं होतं.

मुलगी उभी राहिली होती आणि घाबरून ओढणीशी चाळा करत होती. मी विचारलं, "ताळा केलास?"

"हो बाई. दोनदा."

"मग तुझं बरोबर. माझं चुकलं." मी चोपन्न खोडले आणि छप्पन्न लिहिले. "ज्यांनी हो म्हटलं त्या सगळ्यांनी घरी जाऊन दहा समीकरणं सोडवून आणायची. आणि तू, दप्तर उचल. उद्यापासून पहिल्या रांगेत बसायचं, बरोबर माझ्यासमोर."